प्रसूती व स्त्रीरोग विभागाचे पोस्टिंग: भिंतीपाशी उभे राहण्यापलीकडे विद्यार्थ्याने काय करावे?

नवखी_पावले

नमस्कार. प्रसूती व स्त्रीरोग विभागातील माझे सहा आठवड्यांचे पोस्टिंग सुरू होऊन आठ दिवस झाले. या आठ दिवसांत मी अकरा प्रसूती पाहिल्याची नोंद माझ्या लॉगबुकात आहे; प्रत्यक्षात मी अकरा वेळा लेबर रूमच्या भिंतीपाशी उभी होते आणि समोर जे घडत होते त्यातले फार थोडे मला उमगले. रेसिडेंट डॉक्टर सतत घाईत असतात, त्यामुळे त्यांना प्रश्न विचारणे म्हणजे त्यांच्या कामात खोळंबा करणे वाटते. कळांनी हैराण झालेल्या बाईजवळ जाऊन 'मी विद्यार्थिनी आहे, तुम्हाला तपासू का' असे विचारण्याचा धीर होत नाही.

काल राउंडमध्ये प्राध्यापकांनी मला एका गरोदर स्त्रीचे किती आठवडे पूर्ण झाले आहेत ते विचारले. मी केसपेपरवरचा सोनोग्राफीचा आकडा वाचून दाखवला. त्यांनी पुढे तिच्या शेवटच्या पाळीची तारीख विचारली, पाळी नियमित होती का हे विचारले, आणि यांपैकी काहीच मी तिला विचारलेले नव्हते. ते रागावले नाहीत, पण पुढच्या खाटेकडे गेले, आणि मला ते रागावण्यापेक्षा अधिक लागले.

उरलेल्या पाच आठवड्यांत हा विषय खरोखर शिकण्यासाठी वेळ कसा घालवावा? वाचन किती करावे, वॉर्डात किती थांबावे, आणि लेबर रूममध्ये कोणाला अडचण न होता उपयोगी कसे पडावे?

दहा_मिनिटे

मी याच विषयात शेवटच्या वर्षाची रेसिडेंट आहे. विद्यार्थी असताना मीही भिंतीपाशी उभी राहत असे, म्हणून सविस्तर लिहिते.

अकरा प्रसूती पाहण्याचा आग्रह सोडा. आपली ड्यूटी सुरू झाली की नुकतीच दाखल झालेली एक बाई निवडा, तिला आपले नाव आणि आपण विद्यार्थिनी आहोत हे सांगा, आणि ती तयार असेल तर तिच्याजवळ स्टूल घेऊन बसा. मग हाताचा तळवा तिच्या पोटावर, गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी सपाट ठेवा आणि घड्याळ लावून पूर्ण दहा मिनिटे तेथेच ठेवा. कळ येते तेव्हा गर्भाशय हाताखाली कठीण होत जाते, काही सेकंद तसेच राहते आणि मग सैल पडते. दहा मिनिटांत किती कळा आल्या आणि प्रत्येक कळ किती सेकंद टिकली हे लिहून ठेवा. पाचपेक्षा अधिक कळा येत असतील, किंवा दोन कळांच्या मध्ये गर्भाशय सैलच पडत नसेल, तर ते ताबडतोब आम्हाला सांगायचे असते, विशेषतः कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचे ड्रिप चालू असताना. हे दहा मिनिटांचे काम घाईतल्या रेसिडेंटकडून अनेकदा अर्धवट होते, म्हणून तुमचा आकडा आम्हाला खरोखर हवा असतो. शिकण्याचे आणि उपयोगी पडण्याचे काम येथे एकच आहे.

कळ ओसरली की लगेच बाळाचे ठोके ऐका आणि ते पूर्ण मिनिटभर मोजा. ११० ते १६० ही साधारण मर्यादा तुम्हाला पाठ असेलच, पण कळ संपल्यानंतरही ठोके मंद राहून सावकाश वर येतात का, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. ते कानांनीच पकडावे लागते. सोबत आईची नाडीही बोटांखाली असू द्या, नाहीतर तिचेच ठोके बाळाचे म्हणून लिहिले जातात.

हे सगळे पार्टोग्राफवर, म्हणजे प्रसूती कशी पुढे सरकते हे दाखवणाऱ्या आलेखावर, मांडायला शिका. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल यांनी त्या आलेखावर सावधानतेची आणि कृतीची अशा दोन रेषा चार तासांच्या अंतराने आखल्या, त्या दूरच्या दवाखान्यातील सुईणीला बाई मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवायची हे कळावे म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटना सक्रिय प्रसूतीची सुरुवात गर्भाशयमुख पाच सेंटिमीटर उघडल्यावर मानते, आणि तासाला एक सेंटिमीटर ही अपेक्षा प्रत्येक बाईला लावू नये असे सांगते. २०२० च्या तिच्या नव्या तक्त्यात त्या जुन्या तिरप्या रेषा नाहीत. तुमच्या विभागात कोणता तक्ता वापरतात ते विचारून घ्या, कारण परीक्षक दोन्हींविषयी विचारू शकतात.

आणि त्या बाईला सोडून जाऊ नका. तिची प्रसूती, वार पडणे, पहिले स्तनपान, दुसऱ्या दिवशीचा राउंड आणि घरी जाणे हे सगळे पाहा. अशा पाच बाया तुम्ही पाच आठवड्यांत पूर्ण पाहिल्यात, तर पुस्तकातील निम्मे प्रकरण तुम्हाला पाठ करावेच लागणार नाही.

रात्रपाळी

मी लेबर रूममध्ये परिचारिका आहे. 'कोणाला अडचण न होता' हे शब्द वाचून लिहावेसे वाटले.

ड्यूटी सुरू होताच प्रमुख सिस्टरांना भेटून नाव सांगा, किती वाजेपर्यंत आहात ते सांगा, आणि निर्जंतुक ट्रे, हातमोजे, बाळाचे पुनरुज्जीवन करण्याची जागा, रक्तस्रावाच्या औषधांची पेटी कोठे आहे ते पाहून घ्या. निर्जंतुक कापडाला हात लागला तर लपवू नका, लगेच सांगा. कापड बदलायला अर्धे मिनिट लागते, जंतुसंसर्ग बरा व्हायला आठवडे लागतात. हात धुण्याच्या बाबतीत विद्यार्थ्यांनी एक गोष्ट कायम लक्षात ठेवावी असे मला वाटते: १८४७ मध्ये व्हिएन्ना येथे डॉक्टर सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केला, तो ज्या कक्षात वैद्यकीय विद्यार्थी शिकत त्याच कक्षासाठी. शवविच्छेदन करून ते थेट बाळंतिणींना तपासायला येत, आणि सुइणींच्या कक्षापेक्षा त्यांच्या कक्षात कितीतरी अधिक स्त्रिया बाळंतज्वराने दगावत असत.

प्रसूतीच्या वेळी सगळ्यांचे लक्ष बाळाकडे जाते. तुम्ही त्यानंतरचा अर्धा तास आईकडे पाहा. बाळ बाहेर आल्यावर एका मिनिटाच्या आत दहा युनिट ऑक्सिटोसिन दिले जाते. मग वार सुटल्याच्या खुणा स्वतः ओळखा: एकदम थोडे रक्त येते, नाळ बाहेर लांबते, आणि गर्भाशय कठीण व गोल होऊन पोटात वर सरकते. वार पडल्यावर ती उताणी पसरून सगळे भाग जागेवर आहेत का ते तपासतात. ते हातमोजे घालून तुम्हीच करू द्या अशी विनंती करा, आम्ही बहुधा हो म्हणतो. रक्त किती गेले याचा डोळ्यांनी केलेला अंदाज जवळजवळ नेहमी कमी निघतो. म्हणून भिजलेल्या पट्ट्यांचे वजन करा, त्यातून कोरड्या पट्ट्यांचे वजन वजा करा, आणि एक ग्रॅमला एक मिलिलिटर धरा. हे काम विद्यार्थ्याने आपण होऊन केले तर त्या रात्री त्याला सगळे शिकवायला तयार होतात.

आधी_वाचा

वरील दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून थोडे वेगळे मत मांडतो. मी पोस्टिंगमध्ये दिवसाचे बारा तास वॉर्डात काढले, प्रत्येक बाईपाशी बसलो, आणि तरीही तोंडी परीक्षेत अडखळलो. कारण जे पाहिले त्याला नाव देता येईल एवढे वाचन माझ्याजवळ नव्हते. ज्याला काय शोधायचे हे ठाऊक नाही, त्याला हाताखाली असलेलेही जाणवत नाही.

काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात पक्क्या हव्यात. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस मिळवून तीन महिने मागे जायचे: पाळी १० जानेवारीला आली असेल तर अपेक्षित तारीख १७ ऑक्टोबर. मात्र हे गणित २८ दिवसांच्या नियमित पाळीवर बेतलेले आहे. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर तारीख आठवडाभर पुढे जाते. धागाकर्तीला विचारलेल्या प्रश्नाचा रोख हाच होता. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी सर्वांत विश्वासार्ह असते, आणि दिवस भरत आल्यावर केलेल्या सोनोग्राफीच्या वयात दोन-तीन आठवड्यांचीही चूक असू शकते, त्यामुळे कागदावरचा आकडा कोणत्या महिन्यातील तपासणीचा आहे हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

दुसरे, चार आणीबाणीचे प्रसंग झोपेतून उठवले तरी सांगता आले पाहिजेत: प्रसूतीनंतरचा रक्तस्राव, गर्भावस्थेतील झटके, बाळाचा खांदा अडकणे आणि नाळ बाहेर येणे. रक्तस्रावाची कारणे शोधताना गर्भाशयाचे सैल पडणे, जखमा, आत राहिलेला वारेचा तुकडा आणि रक्त न गोठणे हा क्रम ठेवा. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देताना पुढचा प्रत्येक डोस देण्याआधी गुडघ्याची प्रतिक्षिप्त क्रिया, श्वसनाचा वेग आणि लघवीचे प्रमाण का पाहतात, आणि विषबाधा झाल्यास एक ग्रॅम कॅल्शियम ग्लुकोनेट का तयार ठेवतात, हे समजून घ्या. योनीतून रक्त जात असलेल्या गरोदर बाईची वार खाली, गर्भाशयमुखाशी नाही हे सोनोग्राफीने कळेपर्यंत तिची आतून बोटांनी तपासणी करायची नाही, हा नियम तर वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच माहीत हवा. येथे अज्ञानाची किंमत तिला मोजावी लागते.

दहा_मिनिटे

शेवटच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आहे, आणि माझ्या आधीच्या प्रतिसादात तो राहून गेला ही माझी चूक आहे. क्रमाविषयी मात्र माझा आग्रह कायम आहे. आणीबाणीचे प्रसंग आधी वाचावेत. बाकीचे वाचन त्या दिवशी पाहिलेल्या बाईचे, त्याच रात्री करावे. रक्तदाब १४०/९० च्या वर गेलेली बाई दुपारी पाहिली असेल, तर संध्याकाळी प्रीएक्लॅम्पसियाचे (गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या विकाराचे) प्रकरण अर्ध्या तासात वाचून होते आणि विसरत नाही. सकाळी तिच्याकडे परत जाऊन डोके दुखते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, पोटात वरच्या बाजूला दुखते का, हे तीन प्रश्न विचारा. राउंडमध्ये तिची केस तुमच्याइतकी चांगली कोणी मांडणार नाही.

दाराबाहेरचा

मी विद्यार्थी आहे, विद्यार्थिनी नाही, आणि हा सगळा सल्ला वाचून मन खिन्न झाले. बाईजवळ बसावे, पोटावर हात ठेवावा, हे मला कोण करू देणार? गेल्या पोस्टिंगमध्ये मला सातपैकी पाच जणींनी नकार दिला आणि शेवटी मी विचारणेच सोडून दिले. तपासणीत मी मागे आहे हे मला माहीत आहे.

तीस_वर्षे

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारलात याबद्दल आभार. मी पुरुष आहे आणि या विषयात तीस वर्षे काम करतो आहे, तेव्हा नकाराची सवय मलाही आहे. नकार देण्याचा तिला पूर्ण अधिकार आहे आणि त्याचे कारण सांगण्याचीही तिला गरज नाही. नकार मिळाल्यावर आपला चेहरा कसा राहतो, हे शेजारच्या खाटेवरची बाई पाहत असते.

पुष्कळदा अडचण विचारण्याच्या पद्धतीत असते. आधी बसून तिचे ऐका, तिची हकीकत पूर्ण घ्या. तपासणीचा प्रश्न त्यानंतर, सोबत सिस्टर किंवा रेसिडेंट डॉक्टर असताना विचारा. काय करणार, किती वेळ लागेल, दुखेल का, आणि 'थांबा' म्हटल्यावर मी तत्क्षणी थांबेन, हे साध्या शब्दांत सांगा. पोटाच्या तपासणीआधी तिला लघवी करून यायला सांगा, पडदा ओढा, पाय चादरीने झाका, हात ऊबदार करा, आणि दिवस भरत आले असतील तर तिला फार वेळ उताणे झोपवू नका. गर्भाशयाच्या भाराने महाशिरा दबते, रक्तदाब उतरतो आणि तिला घेरी येते. थोडे डाव्या कुशीला कलते करावे. इतक्या काळजीने वागणाऱ्याला पुढच्या खेपेस होकार मिळण्याची शक्यता वाढते, असा माझा अनुभव आहे.

आतून तपासणी शिकण्याची सुरुवात प्रतिकृतीवर करा. शस्त्रक्रियेसाठी भूल दिलेल्या स्त्रीची केवळ शिकण्यासाठी आतून तपासणी करायची असेल, तर तिने शुद्धीत असताना त्यासाठी स्वतंत्र, स्पष्ट परवानगी दिलेली असली पाहिजे. 'सगळे विद्यार्थी करतात' असे कोणी सांगितले तरी परवानगी आहे का हे विचारा, आणि नसेल तर नम्रपणे मागे राहा. माझ्या विद्यार्थिदशेत हे विचारले जात नसे, आणि आम्ही तसे केले, याची खंत मला आजही आहे.

टाके_आणि_गाठी

सर्वजण लेबर रूमविषयी लिहीत आहेत, म्हणून स्त्रीरोगाच्या बाजूचे थोडे लिहितो. ओपीडीत बाया 'अंगावरून जाते' असे सांगतात. त्याचा अर्थ कधी पांढरे पाणी असतो, कधी रक्त. न विचारता लिहून टाकले तर पुढचे सगळे निदान चुकते. किती दिवस जाते, दिवसाला किती पॅड भिजतात, गाठी पडतात का, संबंधानंतर जाते का, हे ओशाळून न जाता विचारायला शिका. तुम्ही संकोचलात की तीही संकोचते. अतिरक्तस्रावाची कारणे मांडताना फिगोने (स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने) २०११ मध्ये दिलेले वर्गीकरण वापरा: पॉलिप (अस्तराची लोंबती वाढ), अॅडिनोमायोसिस (अस्तर गर्भाशयाच्या स्नायूत शिरणे), फायब्रॉइड (स्नायूची गाठ) आणि कर्करोग ही रचनेतील बिघाडाची चार कारणे एका बाजूला, आणि गोठण्याचे दोष, बीजनिर्मितीतील अनियमितता, औषधांचे परिणाम इत्यादी दुसऱ्या बाजूला. पाळी कायमची गेल्यानंतर आलेले रक्त मात्र, ते थेंबभर असले तरी, कर्करोग नाही हे सिद्ध होईपर्यंत गंभीर मानायचे. आणि पाळीच्या वयातील कोणतीही स्त्री पोटात दुखते म्हणून आली, तर तिने नाही म्हटले तरी गर्भधारणेची चाचणी करा; नळीतला गर्भ फुटला की तरुण बाई बराच वेळ ठीक दिसते आणि मग एकाएकी खचते.

शस्त्रक्रियागृहात जाण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी त्या बाईला भेटा. गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया असेल तर मूत्रवाहिनी गर्भाशयाच्या धमनीखालून, गर्भाशयमुखापासून जेमतेम दोन सेंटिमीटरवरून जाते, हे चित्र काढून पाहा. हा प्रश्न जवळजवळ हमखास येतो, आणि इजा कोठे होते हेही त्याच चित्रातून कळते. सिझेरियन असेल तर त्वचेपासून गर्भाशयापर्यंतचे थर क्रमाने सांगता यावेत. घरी दोऱ्याने गाठी मारण्याचा सराव रोज करा. शेवटचे टाके घालण्याची संधी ज्याचे हात तयार दिसतात त्यालाच मिळते.

ओली_पापणी

एक गोष्ट कोणी लिहिली नाही. माझ्या पोस्टिंगच्या तिसऱ्या आठवड्यात, मी जिच्याजवळ बसले होते तिच्या बाळाचे ठोके मला सापडेनात. मी तिला काही न सांगता रेसिडेंट डॉक्टरांना बोलावले, सोनोग्राफी झाली आणि बाळ पोटातच गेल्याचे कळले. मला तेथून पळून जावेसे वाटले. सिस्टरांनी मला थांबवले आणि हळूच म्हणाल्या, की आता काही बोलायची गरज नाही, फक्त आधी जेथे बसली होतीस तेथेच बस. त्या रात्री मी तिला पाणी दिले आणि तिचा हात धरला, यापेक्षा काही केले नाही. 'दुसरे होईल' असे कोणीतरी म्हणाले तेव्हा तिने तोंड फिरवले, ते मी पाहिले आहे. म्हणून तसे कधी म्हणू नका. बाळ पाहायचे आहे का, जवळ घ्यायचे आहे का, हे वरिष्ठांनी विचारले आणि तिने हो म्हटले. अशा रात्रीनंतर विद्यार्थ्यानेही कोणाजवळ तरी बोलावे. मी दोन आठवडे बोलले नाही आणि त्याचा मला त्रास झाला.

नवखी_पावले

पाच आठवडे संपले, म्हणून परत आले. आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याचे काय केले ते सांगणे मला आवश्यक वाटते.

दुसऱ्या दिवशी मी प्रमुख सिस्टरांना नाव सांगितले आणि पहिलटकरीण असलेल्या एका बाईजवळ बसले. पहिल्या दहा मिनिटांत मला दोनच कळा जाणवल्या, आणि ती म्हणाली की तीन आल्या. तिसरी मला हाताखाली ओळखता आली नव्हती. दुपारपर्यंत आमची मोजणी जुळू लागली. सात तासांनी बाळ झाले. एक मिनिटाचा आणि पाच मिनिटांचा अपगार गुण (नवजात बाळाच्या स्थितीचे दहापैकी गुण) मीच दिला: आधी सात, मग नऊ. वार मी तपासली, पट्ट्यांचे वजन केले, आणि माझा डोळ्यांचा अंदाज दोनशे असताना वजनाने तीनशे चाळीस भरले. दुसऱ्या दिवशी तिचे गर्भाशय बेंबीच्या किंचित खाली लागले, आणि पुढे रोज साधारण बोटभर उतरत गेले.

अशा सहा बाया मी पूर्ण पाहिल्या. दोघींनी तपासणीला नकार दिला, तरी त्यांच्यापैकी एकीने मला प्रसूतीच्या वेळी थांबायला सांगितले. शेवटच्या राउंडमध्ये प्राध्यापकांनी पुन्हा आठवडे विचारले. मी पाळीची तारीख, ३२ दिवसांचे चक्र, नवव्या आठवड्यातील सोनोग्राफी आणि माझ्या हाताने मोजलेली गर्भाशयाची उंची अशा क्रमाने सांगितले. ते थोडा वेळ त्याच खाटेपाशी थांबले आणि बाळाचे डोके पाचपैकी किती भाग वर लागते ते मला दाखवले.

एक गोष्ट अजून जमत नाही. आतून तपासताना गर्भाशयमुख चार सेंटिमीटरपर्यंत किती उघडले ते सांगता येते, पुढे मात्र माझा अंदाज हुकतो. हे किती दिवसांत जमते?

दहा_मिनिटे

दिवसांत नाही, महिन्यांत जमते. आपली दोन बोटे किती फाकली म्हणजे किती सेंटिमीटर होतात ते मोजपट्टीवर मोजून ठेवा, आणि सहा-सातनंतर उघडलेला भाग मोजण्याऐवजी बाजूला किती कडा उरली आहे ते पाहा. वरिष्ठांचा आकडा कळण्याआधी आपला आकडा लिहा; एका सेंटिमीटरचा फरक अनुभवी हातांतही पडतो. फक्त सरावासाठी जादा तपासणी मात्र करू नका. प्रसूती नीट चाललेली असेल तर साधारण चार तासांनी होणारी जी तपासणी आहे, तिच्याच वेळी, बाईची परवानगी घेऊन, रेसिडेंटच्या आधी तुमचा हात असू द्या.